साडेतीन तासांचा 'द ब्रुटलिस्ट': लांबी जास्त झाली की दुसऱ्या भागात काहीतरी बिनसलं? (स्पॉयलर आहेत)

डिचोलीची_वाचक

मंडळी, जरा मदत पाहिजे. वाचनालयात ओळख झालेल्या आम्हा काही जणांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, एरवी पुस्तकावर बोलतो, पण मधून मधून असंही करतो की सगळ्यांनी आपापल्या घरी एक पिक्चर बघून यायचं आणि मग त्यावर बसून बोलायचं. ह्या खेपेला निवड माझी आहे आणि मला ब्रेडी कॉर्बेटचा 'द ब्रुटलिस्ट' घ्यायचाय. २१५ मिनिटं आहेत, त्यात १५ मिनिटांचा इंटरव्हल पिक्चरमध्येच घातलेला, पडद्यावर लग्नाचा जुना फोटो आणि खाली उलटे मोजणारे आकडे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लास्लो टोथ नावाचा हंगेरियन ज्यू आर्किटेक्ट छळछावणीतून वाचून १९४७ मध्ये अमेरिकेत येतो, फिलाडेल्फियाजवळचा एक गडगंज माणूस, व्हॅन ब्युरन, त्याला टेकडीवर एक प्रचंड कम्युनिटी सेंटर बांधायचं काम देतो, आणि मग ते काम आणि तो माणूस दोन्ही मिळून लास्लोला कसे खातात त्याची गोष्ट. बायको एर्झेबेट आणि भाची झोफिया युरोपात अडकलेल्या असतात त्या इंटरव्हलनंतर येऊन पोचतात. (लास्लो हा खरा कोणी माणूस नव्हे हं, बरेच जण बायोपिक समजून बघायला बसतात.)

पहिला भाग मला इतका आवडला की इंटरव्हलला मी उठलेच नाही. बोटीच्या अंधारातून धक्के खात वर येणारा तो कॅमेरा आणि बाहेर आल्यावर उलटा दिसणारा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, तिथेच मी पकडले गेले. पण दुसऱ्या भागात मला सारखं वाटत राहिलं की आता पुरे, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी असंही वाटत होतं की हे सगळं फार भरभर चाललंय. दोन्ही एकाच वेळी कसं वाटेल? घरी यजमान म्हणाले लांब पिक्चर म्हटल्यावर शेवटी कंटाळा येणारच, त्यात एवढा विचार काय. मला ते पटत नाही. ग्रुपात मला हे नीट मांडायचंय, नुसतं "छान आहे पण लांब आहे" असं बोलून विषय संपवायचा नाहीये. ज्यांनी बघितलाय त्यांनी सांगा, नेमकं कुठे सुटलं?

फोंड्याचा_रंगकर्मी

ताई, यजमानांना सांगा की लांबीची सवय आपल्या लोकांना नाही असं निदान गोव्यात तरी कोणी म्हणू नये. आमच्या लहानपणी देवळाच्या उत्सवातलं नाटक रात्री पालखी झाल्यावर सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत उजाडायला आलेलं असायचं, मध्ये पदांना वन्समोअर, मध्ये बक्षिसांची घोषणा, आणि तरी मांडवातली माणसं उठत नव्हती. १९९४ साली आविष्कार ह्या नाट्यसंस्थेने एलकुंचवारांची तिन्ही नाटकं, 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात एकापाठोपाठ एक केली होती, आठ-नऊ तास, तीही शेवटी एका वास्तूचीच गोष्ट. लोक बसले ना. तेव्हा घड्याळ हा मुद्दाच नव्हे.

मला विचाराल तर लांब कामात माणसं बसून राहतात ती "आता पुढे काय होणार" ह्यासाठी कमी आणि समोरची माणसं ओळखीची झालेली असतात म्हणून जास्त. पहिल्या भागात लास्लो आपल्या ओळखीचा होतो तो त्याच्या कामामुळे. अटिला ह्या नातलगाच्या फर्निचरच्या दुकानामागे झोपायला एक कोपरा, तिथे तो ती नळीची खुर्ची बनवतो, मग व्हॅन ब्युरनच्या पोराने बापाला सरप्राइज म्हणून सांगितलेली लायब्ररी, ती कपाटं एकदम पंख्यासारखी उघडतात तो सीन, आणि म्हातारा येऊन थयथयाट करतो तो. पैसे बुडतात, अटिला घराबाहेर काढतो, वर अटिलाच्या बायकोवर वाईट नजर ठेवल्याचा आळ, मग हा कोळशाच्या ढिगावर फावडं मारतोय. एकेका गोष्टीला भरपूर वेळ दिलाय आणि एकही मिनिट फुकट गेलेलं नाही, कारण प्रत्येक सीनमध्ये त्याच्या हातात काहीतरी आहे.

इंटरव्हलनंतर त्याच्या हातातलं ते सगळं जातं. मग तो फक्त सोसत राहतो आणि ओरडत राहतो. एड्रियन ब्रॉडी कमालीचा चांगला आहे, ऑस्कर मिळालं ते योग्यच, पण नटाला सीनमध्ये करायला काही नसलं की तो कितीही मोठा असो, भावनाच दाखवत बसतो, हे मी स्टेजवर हजारदा बघितलंय.

म्हापसा_एडिट_टेबल

मी लग्नाचे व्हिडिओ, डॉक्युमेंट्री, लोकांच्या शॉर्ट फिल्म असं एडिटिंगचं काम करतो, तर ह्या पिक्चरचा दुसरा भाग मी मुद्दाम थांबत थांबत, वहीत सीन लिहीत बघितला. ताई तुम्हाला जे दोन्ही एकदम वाटलं ना, लांबही आणि घाईचंही, ते अगदी बरोबर आहे आणि त्याचं कारण कागदावर दिसतं.

दोन्ही भाग वेळेने साधारण सारखेच आहेत. पण आत काय भरलंय बघा. पहिल्या भागात एक माणूस येतो, दुकानात राहतो, एक खोली बनवतो, रस्त्यावर येतो, परत वर उचलला जातो, बस. दुसऱ्यात बायको येते ती व्हीलचेअरवर, उपासमारीने तिची हाडं गेलेली, भाची बोलतच नाही, व्हॅन ब्युरनच्या पोराची त्या भाचीवर नजर, बांधकामाच्या खर्चावरून दुसऱ्या आर्किटेक्टशी भांडण, रेल्वेचा अपघात, काम बंद, सगळे न्यूयॉर्कला, काम परत सुरू, भाचीचं लग्न आणि ती इस्रायलला जाणार, इटलीत करारा नावाच्या गावची संगमरवराची खाण, तिथे व्हॅन ब्युरनने लास्लोवर केलेला बलात्कार, हेरॉइन, बायको मरता मरता वाचते, मग ती व्हॅन ब्युरनच्या घरी जाऊन भर जेवणात सगळ्यांसमोर त्याला बोलते, म्हातारा गायब, आणि वर १९८० ची व्हेनिस. एवढं सगळं तेवढ्याच वेळात. म्हणजे प्रत्येक सीन आपापल्या जागी लांब आहे, पण सीन आणि सीनच्या मधे वर्षंच्या वर्षं गायब आहेत. त्यामुळे बसून थकवा येतो आणि तरी कशाचा परिणाम झाला ते बघायला मिळत नाही. कराराच्या त्या प्रकारानंतर लास्लो परत त्याच माणसाच्या साइटवर कामाला कसा उभा राहतो, त्याचं रोजचं काय होत असेल, हे खरं तर पिक्चरचं काळीज, आणि त्याला मिळालंय काय तर मजुरांवर आरडाओरडा आणि जवळच्या माणसांवर राग.

लांबी कशासाठी वापरायची ह्याचं माझ्या मते सगळ्यात स्वच्छ उदाहरण शांताल आकर्मानचा 'झान डिएलमान', १९७५ चा, २०१ मिनिटं. एका बाईचे तीन दिवस, स्वयंपाक, भांडी, खरेदी. पहिल्या दिवशी तिची सगळी कामं इतक्या शांतपणे पूर्ण बघून झालेली असतात की दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले एवढंच होतं आणि आपल्या पोटात गोळा येतो. तो परिणाम दोन तासांत आणताच येणार नाही. तिथे आधी घालवलेल्या वेळाचा नंतर उपयोग होतो. 'ब्रुटलिस्ट'च्या पहिल्या भागाने असा भरपूर वेळ घालून ठेवलेला आहे आणि दुसरा भाग तो वापरतच नाही, नवीन नवीन संकटं आणत बसतो.

मला कोणी कात्री दिली तर मी एकूण लांबी कमी करणारच नाही. हॅरी (व्हॅन ब्युरनचा पोरगा) आणि झोफियाचा धागा पूर्ण काढेन, कारण तो धड सांगितलेलाही नाही आणि सोडलेलाही नाही, न्यूयॉर्क दोन-तीन शॉटमध्ये, आणि वाचलेली मिनिटं कराराहून परत आल्यानंतरच्या साइटवर घालेन.

ताळगाव_टी_स्क्वेअर

आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते म्हणून माझं थोडं वेगळं दुखणं आहे. आमच्या ऑफिसातले सगळे मोठ्या हौसेने हा पिक्चर बघायला गेले आणि बाहेर येऊन सगळ्यांचा एकच प्रश्न, ती बिल्डिंग कुठाय? २०० मिनिटं एका बिल्डिंगवर आणि आपण ती एकदाही नीट चालून बघत नाही. टेकडीवरचा पाया, काँक्रीटच्या भिंतींचे तुकडे, खालची पाण्याची अंधारी जागा, शेवटी चॅपलमध्ये वेदीवर पडणारा उजेडाचा क्रॉस, इतकंच. बजेटचं कारण मला कळतं, एक कोटी डॉलरपेक्षा कमी पैशात हंगेरीत शूट करून अमेरिका उभी केलीय, त्या हिशेबाने बघितलं तर जे दिसतं तोच चमत्कार आहे. आणि व्हिस्टाव्हिजनवर शूट केलंय, ती फिल्म कॅमेऱ्यात आडवी धावते म्हणून फ्रेम मोठी मिळते, त्यामुळे खाणीतले संगमरवराचे ते कडे पडद्यावर अंगावर येतात. सिनेमॅटोग्राफीचं ऑस्करही मिळालंय त्याला.

पण एक मुद्दा मला ह्या पिक्चरचा सगळ्यात बलवान वाटतो आणि तो कोणीच बोलत नाही. खर्च कमी करायचा म्हणून दुसरा आर्किटेक्ट उंची कमी करायला सांगतो तेव्हा लास्लो म्हणतो माझ्या फीमधून कापा पण उंची कमी करणार नाही. हे आमच्या धंद्यात रोज होतं, क्लायंटला चौरस मीटर कळतात, उंची म्हणजे त्याला उगाच गेलेला पैसा वाटतो. पणजीत कला अकादमीत जा, चार्ल्स कोरियांनी वरती ती पर्गोला, म्हणजे आडव्या तुळयांचं उघडं छत, टाकून खालचं सगळं मोकळं ठेवलंय, आत शिरता शिरता थेट मांडवीपर्यंत नजर जाते, ती "रिकामी" जागा कोणीतरी भांडूनच ठेवलेली असणार असं मला तिथे प्रत्येक वेळी वाटतं. तर लास्लो त्या उंचीसाठी एवढा हट्ट का धरतो ते आपल्याला कळतं थेट १९८० मध्ये. झोफिया व्हेनिसच्या बिएनाले ह्या मोठ्या प्रदर्शनात भाषण करते की खोल्यांची मापं त्याच्या बुखेनवाल्डच्या आणि बायकोच्या डाखाऊच्या छळछावणीतल्या कोठडीची आहेत, फक्त छत खूप उंच नेलंय, मान वर केली की आकाश दिसावं म्हणून. मी ह्या ठिकाणी रडले. म्हणून एपिलॉग, म्हणजे शेवटी जोडलेला हा भाग, फालतू आहे असं कोणी म्हटलं तर मी मान्य करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

पेडण्याचा_प्रेक्षक

बाय, रडू मलाही आलं, पण दुसऱ्या दिवशी मला त्याचा राग आला. एवढी मोठी गोष्ट, पिक्चरचा सगळा अर्थ ज्याच्यावर उभा आहे ती, माइकसमोर उभं राहून सांगून टाकली. साडेतीन तास बघायला बसवलं आणि शेवटी ऐकवून मोकळे झाले. तीच मापं आपल्याला आधी दिसली असती, म्हणजे बायको ड्रॉइंगवर बोट ठेवून काही ओळखते, किंवा लास्लो अर्धवट बांधलेल्या खोलीत उभा राहून हात दोन्ही भिंतींना लावून बघतो असं काही, तर भाषणाची गरजच पडली नसती.

आपल्याच चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'चा (२०१४) शेवट आठवा. कोर्टाला सुट्टी लागते, लाइट बंद, पडदा काळा, सगळ्यांना वाटतं संपला. आणि मग पिक्चर उठून जज्जसाहेबांच्या मागोमाग सहलीला जातो, ते बाकड्यावर डुलक्या घेतात, पोरं ओरडून उठवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात. कोणी काही समजावत नाही. तोही एपिलॉगच आहे आणि तोही "लांबवलेला" म्हणता येईल, पण त्या काही मिनिटांनी मागचा सगळा पिक्चर बदलतो. 'ब्रुटलिस्ट'चा एपिलॉग मागचा पिक्चर बदलत नाही, त्याचं उत्तर देतो.

ताळगाव_टी_स्क्वेअर

@पेडण्याचा_प्रेक्षक, पण ते उत्तर आहे हे तुम्ही कशावरून धरलं? भाषण लास्लो करत नाही. तो व्हीलचेअरवर गप्प बसलेला आहे, म्हातारा, आणि त्याच्या वतीने भाची बोलतेय, जी पहिल्यांदा आली तेव्हा एक शब्द बोलत नव्हती आणि लास्लो मात्र सारखा बोलायचा. व्हॅन ब्युरनने आधी विचारलेलं असतं आर्किटेक्चरच का, तेव्हा लास्लोने स्वतः दिलेलं उत्तर वेगळं होतं, की युद्धातूनही त्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या पुढेही टिकाव्या म्हणून बनवल्यात. भाची म्हणते कोठडी, तो म्हणाला होता टिकणं. शेवटी ती म्हणते लोक काहीही सांगोत, पोचणं महत्त्वाचं, प्रवास नव्हे. हे लास्लोचं मत आहे का तिचं? मला वाटतं पिक्चरने तो प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय, आणि त्याचा चेहरा आपल्याला काहीच सांगत नाही.

पेडण्याचा_प्रेक्षक

हे मी असं बघितलं नव्हतं. तरी माझी तक्रार आहेच, कारण तो संशय यायला झोफिया आपल्याला माहीत असायला हवी, आणि म्हापशाचे एडिटर बोलले तसं तिला वेळच दिलेला नाही. लग्न करून इस्रायलला चालले म्हणून सांगते तो एक सीन सोडला तर ती कोण आहे काय आहे कळतच नाही. तुम्ही म्हणता तो शेवट जमायचा असेल तर मधला भाग अजून लांब पाहिजे होता, आणि त्यात ही मुलगी पाहिजे होती.

डिचोलीची_वाचक

देव बरें करूं सगळ्यांना, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. एर्झेबेटबद्दल मला अजून एक विचारायचंय. ती अर्ध्या पिक्चरनंतर येते, तोपर्यंत फक्त पत्रांतला तिचा आवाज. मला ते वाट बघणं फार आवडलं, कारण लास्लोइतकीच आपणही तिची वाट बघतो, आणि स्टेशनवर ती व्हीलचेअरवर दिसते तेव्हा त्याच्याएवढाच धक्का आपल्यालाही. हे दीड-पावणेदोन तासांच्या पिक्चरला जमलं असतं का? मला नाही वाटत. पण मग एवढी हुशार, ऑक्सफर्डला शिकलेली, पत्रकारिता केलेली बाई, तिला येऊन काय करायला मिळतं, तर नवऱ्याची आणि स्वतःची दुखणी. तो शेवटचा जेवणाचा सीन, जिथे ती वॉकर धरून चालत आत जाते, तो तिने एकटीने तोलून धरलाय, पण तिथपर्यंत ती कशी पोचली ते मला दिसलं नाही.

म्हापसा_एडिट_टेबल

ताई बरोबर. तिचा सीन जबरदस्त आहे आणि एकटा पडलाय, दोन्ही खरं.

एक गोष्ट मात्र ह्या पिक्चरच्या बाजूने बोलायला पाहिजे. हा स्वतंत्र पिक्चर आहे, मोठ्या स्टुडिओने पैसे घालून बनवलेला नव्हे, उभा करायला सात वर्षं गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गोल्डन ग्लोब घेताना कॉर्बेटने तिथल्या सगळ्या पैसेवाल्यांसमोर बोलून दाखवलं की फायनल कट, म्हणजे पिक्चर शेवटी कसा कापायचा तो निर्णय, दिग्दर्शकाचा असायला हवा. ह्याची किंमत काय असते ते हू बो ह्या चिनी दिग्दर्शकाकडे बघून कळतं. त्याचा 'ॲन एलिफंट सिटिंग स्टिल' जवळजवळ चार तासांचा, एका गावातल्या चार माणसांचा एक दिवस, आणि लांबीवरूनच निर्मात्यांशी त्याचं फाटलं, त्यांना दोन तासांचा पाहिजे होता. २०१७ मध्ये तो गेला, २९ वर्षांचा, पिक्चर लोकांनी बघायच्या आधी. नंतर २०१८ मध्ये बर्लिनला तो पूर्ण लांबीचाच दाखवला गेला. त्यामुळे मी जेव्हा "इथे सुटलं" म्हणतो तेव्हा मला निर्मात्याने हातात कात्री घ्यावी असं बिलकूल म्हणायचं नाहीये. पण दिग्दर्शकाच्या शेजारी बसून त्याला "हा धागा तू सोडून दिलायस" असं प्रेमाने सांगणारं माणूस पाहिजे. इथे पटकथा कॉर्बेटची आणि त्याच्या जोडीदाराची, मोना फास्टव्होल्डची, मिळून आहे, आणि मला वाटतं पहिल्या भागावर दोघांनी जेवढी घासाघीस केली तेवढी दुसऱ्यावर झालेली नाही. पैसा आणि शूटिंगचे दिवस कमी, आणि गोष्ट दुसऱ्या भागात जास्त पसरलेली, तिथेच ते ताणलं गेलं असणार.

फोंड्याचा_रंगकर्मी

ताई घ्याच हा पिक्चर. मात्र एका बैठकीत बघा म्हणून सांगू नका. इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या चित्रपट महोत्सवात, इंटरव्हल नसतो आणि लोक तसेच बसतात ते ठीक, तिथे ती सवय आणि थिएटरचा काळोख असतो. घरी पहिला भाग एका संध्याकाळी, दुसरा दुसऱ्या संध्याकाळी, त्याने स्वतःच मध्ये रेघ मारून दिलीय तिथेच थांबायचं. आणि सगळ्यांना पहिला भाग संपल्यावर लगेच चार ओळी लिहून ठेवायला सांगा, आता लास्लोबद्दल काय वाटतंय, व्हॅन ब्युरनबद्दल काय वाटतंय. दुसरा भाग बघितला की पहिला डोक्यात बदलून जातो, मग चर्चेत सगळे शेवटाबद्दलच बोलत बसतात.

डिचोलीची_वाचक

हे आवडलं काका, तसंच करते. ग्रुपात दोघी सत्तरीच्या पुढच्या आहेत, त्यांना कराराच्या सीनबद्दल आधी सांगू का? सांगितलं तर धक्का जाईल, नाही सांगितलं तर मला बरं वाटणार नाही.

म्हापसा_एडिट_टेबल

सांगा. कोण कोणावर ते सांगू नका, फक्त दुसऱ्या भागात लैंगिक अत्याचाराचा एक सीन आहे आणि नशेचेही आहेत एवढंच. तो सीन लांबून, अंधारात घेतलाय, पण काय चाललंय ते स्पष्ट कळतं. आणि टीव्हीच्या स्पीकरवर बघणार असतील तर आवाज जरा मोठा ठेवायला सांगा, सुरुवातीचं डॅनियल ब्लूमबर्गचं म्युझिक बारीक आवाजात ऐकलं तर बोटीवरचा तो पहिला सीन नुसता गोंधळ वाटतो.